तीन घरांतला ग्राइंडर

बँकेने आम्हा जुन्या लोकांना स्वेच्छानिवृत्तीच्या गोंडस नावाखाली नारळ दिला आणि मी मोकळी झाल्याची बातमी साऱ्या गोतावळ्यात पसरली. तेव्हापासून जो तो आग्रहाने बोलावू लागला. त्यात सर्वांत चिकाटी नलूताईची. नलूताई माझी थोरली मावसबहीण; माहेर उदगीरकडचं, सासर हैदराबादेत अंबरपेठला. "एकदा ये गं, का मी मेल्यावर येणार आहेस?" असं ती दर दिवाळीला फोनवर विचारायची. शेवटी दसरा आटोपला आणि मी तिकीट काढलं. चारमिनार, गोवळकोंडा, सालारजंग असा भरगच्च बेत होता. त्यातलं चारमिनार तेवढं पाहिलं, तेही रिक्षातून. बाकी जे पाहिलं ते लिहिते आहे.

पुणं सोडलं तेव्हा अंधारलं होतं, सोलापूर झोपेत गेलं आणि डोळे उघडले ते तांडूरला. रुळांच्या दोन्ही बाजूंना फरशांच्या थप्प्या रचलेल्या, त्यांच्यावर पांढरी धूळ, आणि धुळीतच बसून दात घासणारी माणसं. पुढे काळी जमीन संपते आणि मोठमोठे गोल धोंडे सुरू होतात. एकावर एक असे काही ठेवलेले की कुणी धक्का दिला तर गडगडत येतील, पण शेकडो वर्षं कुणी दिलेला नाही. समोरच्या बाकावर देवधरबाई होत्या. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, घर बरकतपुऱ्यात, सून पुण्याचीच. मी अंबरपेठला चालले म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तिथं कोण असतं तुमचं?"

"बहीण."

"हो का. आमच्यापासून जवळच आहे म्हणे. पण आमचं जाणं होत नाही तिकडं." मग त्यांनाच अवघडल्यासारखं झालं असावं. त्यांनी मुलाचा पत्ता दिला, एकदा चहाला या म्हणून बजावलं आणि आपल्या डब्यातली एक पुरणपोळी माझ्या हातावर ठेवली. पुरणपोळी चांगली होती, म्हणून मी त्यांना माफ केलं.

सिकंदराबादला उतरून ऑटो केली. विद्यानगर, नल्लकुंटा करत ऑटो निघाली. जिकडेतिकडे रस्ते खणलेले, नव्या पुलांचे खांब उभे आणि खांबाखांबावर मोबाइलच्या जाहिराती. अंबरपेठचा मुख्य रस्ता सोडून आत वळलो तशी गल्ली अरुंद होत गेली आणि मुशी नदीचा वास यायला लागला. मुशी ही नदी आहे हे सांगावं लागतं. नाहीतर कुणाला कळायचं नाही. नलूताईचं घर दोन खोल्यांचं. भाऊजींचा कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. आता ते एका दवाखान्याच्या दाराशी सुरक्षारक्षक म्हणून उभे राहतात. मुलगा संगणक कंपन्यांच्या लोकांना रात्रपाळीला नेणारी-आणणारी गाडी चालवतो. मी आले तेव्हा तो झोपलेला होता आणि मी निघेपर्यंत बहुतेक वेळा झोपलेलाच दिसला.

आत पाऊल टाकलं आणि माझ्या उजव्या पायाचा अंगठा कशावर तरी असा आपटला की मी मटकन खाली बसले. दाराच्या मागे जुन्या चादरीखाली स्टीलचा एक मोठा ड्रम होता. इडली-दोशाचं पीठ वाटायचा जो ग्राइंडर असतो, त्याचा नुसता ड्रम. आत दगड नाहीत, खाली मोटर नाही.

"हे काय गं अर्धवट?"

"सुमनचं आहे," नलूताई म्हणाली आणि हळद आणायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला दोसा आणि गोंगुऱ्याची चटणी होती. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडीच, पण इथे ती लाल तिखटात अशी काही परततात की आपल्याकडची अंबाडी सासुरवाशीण वाटावी. चटणी झकास. दोसा मात्र आंबट आणि चिवट. पीठ दुकानातल्या पिशवीतलं होतं. "पूर्वी सुमनची पिंडी (पीठ) आणायचो," भाऊजी म्हणाले, "तिचा दोसा जाळीदार व्हायचा." नलूताईने त्यांच्या ताटात दुसरा दोसा वाढला, आणि भाऊजींनी पुढचं वाक्य दोशाबरोबर गिळलं.

त्याच सकाळी नलूताईच्या दारात सतरंजी पसरली गेली आणि नलूताई धरून दहा बायका ओळीत बसल्या. काही आपल्या मराठी, काही तेलुगू. मागाहून एक तिशीतला माणूस मोटारसायकलवरून आला. चपला बाहेर काढून तोही सतरंजीवरच मांडी घालून बसला. हा कंपनीचा श्रीनिवास. कुठली कंपनी ते लिहीत नाही, कारण तशा तेव्हा गल्लीगल्लीत होत्या. बायकांना काही तारण न मागता छोटी कर्जं द्यायची, दर आठवड्याला किस्त (हप्ता) घ्यायची. जामीन कोण? तर बायकाच एकमेकींना. आधी सगळ्यांनी उजवा हात पुढे केला आणि एका सुरात तेलुगूतून शपथ म्हटली. रुक्मिणी नावाची एक गोरटेली बाई सगळ्यात मोठ्याने म्हणत होती. नलूताईला अर्थ विचारला. "वेळेवर पैसे भरू, आणि जी भरणार नाही तिचे आम्ही भरू, असं काहीतरी आहे," ती म्हणाली. आरती पाठ असावी तशी तिला ती शपथ पाठ होती.

बँकेत माझी सगळी नोकरी कर्ज खात्यात गेली. हा कारभार मी कौतुकानेच पाहत होते. आमच्याकडे एका कर्जासाठी माणसाला चार खेपा घालायला लावत. इथे साहेब स्वतः सतरंजीवर. मग लक्षात आलं की किस्ती गोळा होऊनही कुणी उठत नाही. एक बाई मान खाली घालून बसली होती. काळीसावळी, हडकुळी, बोटांचे सांधे सुजलेले. तीच सुमन.

"आंटी, आपका?" श्रीनिवासने विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

"पिछले हफ्ते भी नक्को बोले."

"हौ."

तो रागावला नाही. हात जोडून बायकांकडे वळला. "देखो अम्मा, मेरी भी तनखा कटती. पूरा हुए बगैर मैं उठ नहीं सकता, आप लोगां भी नहीं उठ सकते. कुछ तो करो." आणि तो खरोखरच बसून राहिला. चुलीवर कुणाचा भात, कुणाच्या पोराची शाळा, कुणाचं धुण्याभांड्याचं काम. बायकांची चुळबुळ वाढली, मग कुजबुज, मग सुमनला टोमणे. अखेर सगळ्यांनी पदराच्या गाठी सोडून तिची किस्त भरली आणि मीटिंग संपली. जाताना सुमनशी कुणी बोललं नाही. ती ड्रमवरच्या चादरीकडे एकदा बघून गेली.

ग्राइंडरची हकिकत मी त्या दुपारी नलूताईकडून काढून घेतली. तिने ती तांदूळ निवडता निवडता सांगितली, माझ्याकडे न बघता.

या बायकांची आधी भिशी होती. दर महिन्याला थोडे थोडे जमवायचे आणि चिठ्ठी निघेल तिने घ्यायचे. पण चिठ्ठी नावाचीच. कुणाचं बाळंतपण आलं, कुणाचा नवरा आजारी पडला की बाकीच्या म्हणायच्या, राहू दे चिठ्ठी, या खेपेला तिला द्या. जी अडली तिची पाळी आधी, हा भिशीचा कायदा. मग कंपनी आली. म्हणाली, तुमचा गट तयारच आहे, तुम्हाला दसपट देतो. आणि दिलेही. पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं, हे नलूताई दोनदा म्हणाली. सुमनचा नवरा वॉचमन, ती चार घरची भांडी घासायची. तिने कर्ज काढून ग्राइंडर घेतला, पिंडी विकायला लागली, भांडी सोडली, मुलीला इंग्रजी शाळेत घातलं. बरकतपुऱ्यातली फ्लॅटवाली घरं आणि नल्लकुंट्यातली विद्यार्थ्यांची एक मेस तिच्याकडून पीठ घेऊ लागली. ती सगळ्यांना फुकट चटणी वाटायची.

मग मी गेले त्याच्या आधीच्याच पावसाळ्यात चिकनगुन्याची साथ आली. अर्धी गल्ली काठी धरून चालत होती. सुमनचे हात असे धरले की तिला डबा उचलवेना, वेणी घालता येईना. किस्ती चुकल्या. बाकीच्या जणींनी भरल्या, पुन्हा भरल्या, मग त्यांचा जीव मेटाकुटीला आला.

"मग आम्ही तिच्या घरी गेलो आणि ग्राइंडर उचलून आणला," नलूताई म्हणाली. "पैसे दे नि घेऊन जा म्हटलं. मी लीडर, म्हणून माझ्याकडं ठेवला. तर ही दुसऱ्या दिवशी पहाटे भिजवलेले तांदूळ घेऊन माझ्याच दारात. म्हणाली, अक्का, इथंच वाटते, जागा तुझी, वीज माझ्या पैशानं. मी हौ म्हटलं. का नको म्हणू? पण बाकीच्या चिडल्या. म्हणाल्या, तिचं असं चालत राहिलं तर ती पैसे कशाला देईल? तू मऊ आहेस, उद्या देऊन टाकशील. मग वाटणी केली. ड्रम माझ्याकडं, दगड लक्ष्मीअम्माकडं, मोटर रुक्मिणीकडं. म्हणजे कुणी एकटी मऊ पडली तरी उपयोग नाही."

"अगं, पण ग्राइंडर नसताना ती पैसे आणणार कुठून? आई जेवू घालीना नि बाप भीक मागू देईना, असं झालं की हे."

नलूताईने निवडलेले तांदूळ परत एकदा निवडायला घेतले. "शोभा, तू बँकेत होतीस. तुमच्याकडं बुडालं तर सरकारचं बुडत होतं. इथं तिचं बुडालं की माझं बुडतं." मग म्हणाली, "मेसवाला म्हणालाय सोमवारपर्यंत थांबतो. त्यानंतर दुसरीकडून घेईल. मलाही कळतं गं सगळं."

देवधरबाईंकडे चहाला गेले ती याच मनःस्थितीत. अंबरपेठेतून पायी निघालं तर बरकतपुरा हाकेच्या अंतरावर, पण मध्ये कुठेतरी हवा बदलते. झाडं लागतात, फाटकं लागतात, कुत्र्यांपासून सावध राहायच्या पाट्या लागतात. सून गोड होती. चहाबरोबर उस्मानिया बिस्किटं आली. मी बहिणीकडच्या मीटिंगविषयी सांगितलं तर ती एकदम खूश झाली. "काकू, मी वाचलंय यावर. हे इतकं इम्पॉर्टंट काम आहे ना! बायकांच्या हातात डायरेक्ट पैसा. पॉव्हर्टी अशानेच जाणार." तिचं काही चुकत नव्हतं, महिन्यापूर्वी मीही हेच बोलले असते. मग ती सासूबाईंना म्हणाली, "आई, त्या पिंडीवाल्या आंटी अजून नाहीच आल्या. आता मी पॅकेटच लावून टाकते. यांचं काय आहे ना काकू, रेग्युलॅरिटी नसते." मी बिस्किट चहात बुडवलं आणि ते विरघळून तळाशी गेलं. काही बोलले असते तर वाईट बोलले असते, म्हणून उठले.

परत आले तर सुमनच्या दारात बायका बसलेल्या. वसुलीसाठी बायका असं दारात जाऊन बसतात हे मी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. मला वाटायचं आरडाओरडा असेल, शिव्या असतील. तसलं काही नव्हतं. नऊ बायका तिच्या उंबऱ्यासमोर नुसत्या बसल्या होत्या. कुणी मेथी निवडत होती, कुणी मण्यांची माळ ओवत होती, एकीने मांडीवर पोर झोपवलं होतं. येणारे-जाणारे बघून जात होते आणि तेवढ्यासाठीच त्या बसल्या होत्या. आतून कडी. नलूताई सर्वांत पुढे. मला बघून तिने मान फिरवली.

ऊन बरंच होतं. थोड्या वेळाने कडी वाजली, दार हातभर उघडलं आणि सुजलेल्या बोटांचा एक हात बाहेर आला. त्याने पाण्याची कळशी आणि दोन पेले उंबऱ्याबाहेर ठेवले आणि दार पुन्हा लागलं. दारात आलेल्याला पाणी विचारल्यावाचून ठेवायचं नाही, ही आपली रीत. बायकांनी पेले फिरवले, पाणी प्याल्या. "माठातलं आहे," लक्ष्मीअम्मा म्हणाली आणि पदराने तोंड पुसून पुन्हा माळ ओवायला लागली. मला त्या सगळ्यांचा राग आला, आणि राग नेमका कुणावर काढावा ते कळेना. श्रीनिवास तर तिथे नव्हताही. त्याला यायची गरजच नव्हती.

मी एकदा ठरवलं की ठरवलं. नलूताईला सांगितलं, सुमनचे राहिलेले सगळे मी भरते. ती नको म्हणाली. "या आठवड्याचं भरशील, पुढच्या आठवड्याला कोण?" मी म्हटलं, पुढच्या आठवड्याला तिचा ग्राइंडर असेल.

नुसते पैसे हातावर ठेवले तर सुमन घेणार नाही, इतकी अक्कल मला होती. म्हणून बाजारातून खण आणला, नारळ आणला, आणि दुसऱ्या दिवशी ओंजळभर तांदूळ घेऊन तिच्याकडे गेले. दार वाजवलं तर उघडेना. "मी नलूताईची बहीण, एकटीच आहे," म्हटल्यावर कडी निघाली. आत काळोख आणि आंबूस वास. कोपऱ्यात पातेल्यात तांदूळ भिजत घातलेले होते, वर फेस आलेला.

"हे कशाला भिजवलेस?"

"सवय झालीय ताई. रात्री हात आपोआप भिजवायलेत. सकाळी टाकून देते." ती ओशाळून हसली. मग म्हणाली, "मेसचा माणूस भला आहे. थांबलाय माझ्यासाठी. मोटर लागली की एका दिवसात सगळं पहिल्यासारखं करते बगा. हात बरे झालेत आता." तिने दोन्ही मुठी मिटून-उघडून दाखवल्या. डावी मूठ पुरती मिटत नव्हती.

मी तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओटी भरली. तांदळांखाली पैसे होते. हाताला कागद लागला तशी तिने ओंजळ मागे घेतली.

"हे नक्को ताई."

"ओटीतलं परत करत नाहीत. थोरल्या बहिणीनं दिलं समज. आणि फेडायचं तर मुळीच नाही, सांगून ठेवते."

तिने ओटी पदरात बांधली आणि मला वाकून नमस्कार केला. डोळ्यांत पाणी होतं; माझ्याही होतं. परतताना गल्लीतल्या हातगाडीवर सर्वपिंडी (शेंगदाणे, तीळ घातलेलं तांदळाचं थालीपीठ) मिळत होती. मी दोन घेतल्या आणि उभ्या उभ्या खाल्ल्या. इतकी चविष्ट गोष्ट त्या मुक्कामात दुसरी खाल्ली नाही. खरं सांगायचं तर मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

पुढच्या मीटिंगला सुमनने त्या आठवड्याची किस्त आणि बायकांनी तिच्यासाठी भरलेले सगळे पैसे सतरंजीवर ठेवले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. श्रीनिवास मनापासून हसला आणि "अब आपको बड़ा लोन भी मिलेगा आंटी," म्हणाला. तो गेल्याबरोबर लग्नघरासारखी लगबग सुरू झाली. चौघींनी ड्रम उचलला, मीही एका बाजूने हात लावला. लक्ष्मीअम्माने दगड आणून दिले, धुऊनपुसून. सुमनने आपल्या घरातली जागा सारवल्यासारखी पुसून ठेवली होती. तिने ड्रम बसवला, दगड बसवले, पट्टा हातात घेऊन मोटरची वाट बघत बसली.

रुक्मिणी जागची हलेना. आधी म्हणाली, संध्याकाळी देते. मग म्हणाली, किल्ली नवऱ्याकडे आहे. शेवटी नलूताई तिच्या घरात शिरली आणि रिकाम्या हाताने बाहेर आली. मोटर नव्हती. गोलनाक्याकडच्या मोटर दुरुस्तीवाल्याला रुक्मिणीने ती विकून टाकली होती, आणि त्यानेही ती कुणाला तरी विकली होती.

"माझी किस्त होती," रुक्मिणी म्हणाली. तिचा शपथेतला खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "सुमनचं भरून माझ्याकडं काही उरलंच नव्हतं. मी काय करू? नाहीतर तुम्ही माझ्या दारात बसला असता."

ती म्हणत होती त्यात खोटं काही नव्हतं. मला वाटलं आता भांडण होईल, किंवा सगळ्या मिळून रडतील. सुमनने पट्टा खाली ठेवला. उठली, आमच्या मधून वाट काढत रुक्मिणीच्या घरापाशी गेली आणि उंबऱ्यासमोर मांडी घालून बसली. बाकीच्या एकेक करून तिच्यामागे जाऊन बसल्या. नलूताईही बसली. रुक्मिणी सगळ्यांकडे बघत आत गेली आणि आतून कडी लावली.

"सुमन, ऊठ," मी म्हटलं. "असं नको गं करू. मोटरचं आपण बघू काहीतरी."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. दाराकडेच बघत होती. "तुम्ही घरी जावा ताई. हे तुमचं काम नाही."

त्या संध्याकाळी भाऊजी ड्युटीवर गेल्यावर मी नलूताईला तोंडावर विचारलं, की तू तरी का बसलीस. ती भिंतीला टेकून होती. म्हणाली, "न बसून कसं चालेल? मी तिथं नाही बसले तर उद्या माझी पाळी आली की त्या सगळ्या इथं येऊन बसतील." आणि मग तिने ते सांगितलं, जे मला इतके दिवस सांगितलं नव्हतं. दहापैकी बहुतेक जणींनी दुसऱ्या कंपनीकडून कर्ज काढून पहिलीच्या किस्ती भरल्या होत्या. तिनेही. ह्याची टोपी त्याला. भाऊजींना माहीत नव्हतं.

"किती आहे?" मी विचारलं.

"तू जाणारेस ना मंगळवारी," ती म्हणाली. "जा बाई सुखानं."

सोमवारी मेसवाल्याने दुसरीकडून पीठ घेतलं. मंगळवारी मी निघाले. सुमन भेटायला आली नाही. ती रुक्मिणीच्या दारात होती. माझी ऑटो तिथूनच गेली. नलूताई ऑटोपर्यंत आली, माझ्या हातात आवकायाची (कैरीच्या लोणच्याची) बाटली ठेवली आणि "परत कधी?" असं काही विचारलं नाही. गाडीत बाटली फुटून तेल पिशवीला लागलं. पुण्यात उतरले तेव्हा सगळ्या कपड्यांना मोहरीचा वास येत होता.

इथे आल्यावर मैत्रिणींनी विचारलं, कसं काय हैदराबाद? मी सांगायला लागले की त्या मोत्यांचे भाव विचारायच्या. एकीने मात्र नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे ही कर्जं वाईटच की. मला तसंही म्हणवेना. त्याच कर्जाने सुमनचा ग्राइंडर आणला होता, हे मी कसं विसरू? कर्ज गरिबाला वर काढतं, हे मी वर्षानुवर्षं कागदांवर लिहीत आले. पण अडलेलीला हात देणाऱ्या दहा बायका गल्लीत आधीपासून होत्या, आणि कंपनीने तारण म्हणून घेतलं ते नेमकं तेवढंच. आता तिथे अडलेलीकडे जाणारं कुणी उरलं नाही. जे जातात ते बसायला जातात.

दिवाळीनंतर पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला. अंबरपेठहून, सुमनची. मी दिले होते त्यातला थोडा भाग. मी नलूताईला फोन लावला आणि तिला सुमनला बोलवायला सांगितलं. सुमन आली. आवाजात उत्साह होता. मोटर घेतली म्हणाली, नवी. एका तिसऱ्या कंपनीने दिले पैसे, त्यातूनच मनीऑर्डर केली. मेस गेली, पण दोन नवी गिऱ्हाइकं धरली आहेत. रुक्मिणी? ती घराला कुलूप लावून गेली कुठेतरी, सामान तसंच आहे. तिच्या किस्ती आता सगळ्या मिळून भरतात.

"सुमन, ओटी कुणी परत करतं का गं?"

"खण आणि नारळ ठेवून घेतलाय ताई. पैशाचंच तेवढं फेडायलेय."

"मी मागितले का कधी?"

"नाही मागितले. पण तुम्ही पुन्हा याल की नलूअक्काकडं. गल्लीत तुमचा आवाज आला नि मी आत कडी घालून बसले, असं नको व्हायला. तुमच्यासाठी दार उघडता आलं पाहिजे मला."

मी पुष्कळ समजावलं. ती हौ, हौ म्हणत राहिली. मी तिच्या दारात कधीच बसणार नाही, हे तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं, पण त्यावर विश्वास ठेवायची तिची तयारी नव्हती. आणि ठेवावा तरी कुणाच्या भरवशावर? थोरल्या बहिणीसारखी नलूताई तिच्या दारात बसली होतीच. पहिली मनीऑर्डर मी परत पाठवली. तर नलूताईचा फोन आला, की सुमन घाबरली आहे, रक्कम कमी पडली म्हणून ताई रागावल्या का असं विचारते आहे.

तेव्हापासून दर महिन्याला पोस्टमन येतो आणि मी सही करून पैसे घेते. नलूताई पुन्हा बोलावू लागली आहे. मी काहीबाही कारणं सांगते. सुमनचे सगळे फिटेपर्यंत हैदराबादला जायचं नाही, असं मी ठरवलं आहे.